एका रेघेचे चार अर्थ: वाद्यांची किल्ली आणि ‘वंदे मातरम्’चा बँड

१/ #धागा
स्वतंत्र भारताचे राष्ट्रगीत कोणते असावे, या वादात शब्दांबरोबर सुरांचाही एक प्रश्न निघाला होता: हे गीत बँडवर वाजेल का? बँडवर वाजणे म्हणजे तीस-चाळीस वादकांसमोर आपापला कागद असणे, आणि त्या प्रत्येक कागदाच्या डाव्या टोकाला एक लहानशी खूण असणे. त्या खुणेला ‘क्लेफ’ म्हणतात. कोणते वाद्य कोणता क्लेफ वाचते, हा वरकरणी शाळकरी वाटणारा प्रश्न थेट राष्ट्रगीतापर्यंत कसा पोहोचला, आणि एक मराठी गायक त्याच्याशी कसा झुंजला, हे या धाग्यात पाहू. सुरुवात मोर्शीपासून.

२/ मोर्शी हा अमरावती जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचा, संत्र्याच्या बागांचा तालुका. याच तालुक्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचे हे गाव, आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ जिथे आकाराला आले ती ही भूमी. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यांतली सर्वाधिक प्रसिद्ध ती ‘सकळ लिपी’. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह येते. पोथी डोळ्यांसमोर असते, अक्षरे स्पष्ट असतात, परंतु संकेत ठाऊक नसेल तर एक शब्दही लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही लिपी उलगडली आणि प्राचीन मराठी गद्याचे भांडार सर्वांना खुले झाले.

३/ पाश्चात्त्य संगीताची लिपी अशीच आहे. पाच समांतर रेघा आणि त्यांवर मांडलेले ठिपके. नुसते ठिपके पाहून स्वर चढतो की उतरतो एवढे कळते. तो कोणता स्वर, हे मात्र कळत नाही. ते सांगते रेघांच्या आरंभीची खूण. ‘क्लेफ’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’ या शब्दात आहे, आणि दोहोंचा अर्थ एकच: किल्ली. महानुभावांनी किल्ली लपवून ठेवली, युरोपीय संगीतकारांनी ती प्रत्येक ओळीच्या दारातच टांगून ठेवली, एवढाच फरक.

४/ ही किल्ली घडली कशी? अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीत अरेझोचा ग्विदो नावाचा एक ख्रिस्ती साधू होऊन गेला. मठातल्या मुलांना स्तोत्रे पाठ व्हायला वर्षानुवर्षे लागत, ही त्याची अडचण होती. त्याने स्वरांच्या खुणा रेघांवर मांडण्याची पद्धत रूढ केली. कोणती रेघ कोणत्या स्वराची हे ओळखू यावे म्हणून ‘एफ’ची रेघ तांबडी आणि ‘सी’ची रेघ पिवळी काढीत, आणि रेघेच्या तोंडाशी ते अक्षर लिहीत. पुढे रंग गेले, अक्षरे राहिली. शतकानुशतके लेखणीने वळत वळत त्या अक्षरांच्याच आजच्या नक्षीदार खुणा झाल्या.

५/ आज मुख्य खुणा तीन आहेत.
पहिली ‘जी’ची. ही शंखासारखी वळलेली खूण सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा वळसा खालून दुसऱ्या रेघेला वेढतो, म्हणून ती रेघ ‘जी’. हाच ट्रेबल क्लेफ.
दुसरी ‘एफ’ची. हिच्या उजवीकडे दोन ठिपके असतात, आणि त्यांच्या मधली चौथी रेघ ‘एफ’. हा बेस क्लेफ.
तिसरी ‘सी’ची. ही खूण जागा बदलते. तिचा मध्य तिसऱ्या रेघेवर असेल तर आल्टो, चौथ्या रेघेवर असेल तर टेनर.

६/ आता एक गंमत करू. हार्मोनियमची पांढरी एक, म्हणजे ‘सी’, हा सा धरा. पाच रेघांपैकी सर्वांत खालची रेघ घ्या आणि तिच्यावर एक ठिपका द्या. ट्रेबल क्लेफमध्ये तो ठिपका ‘ग’ आहे. बेस क्लेफमध्ये तोच ‘प’ आहे. आल्टोमध्ये ‘म’, आणि टेनरमध्ये ‘रे’. रेघ एक, ठिपका एक, अर्थ चार. सकळ लिपीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

७/ एवढा खटाटोप कशासाठी? पाच रेघांवर, त्यांच्या मधल्या जागांत, आणि वर-खाली एकेक, असे जेमतेम अकरा स्वर मावतात. वाद्यांचा पल्ला याहून कितीतरी मोठा असतो. रेघांबाहेर जाणाऱ्या स्वरासाठी तुटक जादा रेघ ओढावी लागते. व्हायोलिनपेक्षा आकाराने थोडे मोठे आणि आवाजाने खर्जातले वाद्य म्हणजे व्हायोला. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर ट्रेबल क्लेफमध्ये लिहायचा तर चार जादा रेघा ओढून त्यांच्याही खाली ठिपका द्यावा लागेल. आल्टो क्लेफमध्ये एका जादा रेघेत काम भागते. वादकाचे डोळे वाचावेत, म्हणून किल्ली बदलली.

८/ म्हणून वाटणी साधारणपणे अशी झाली.
ट्रेबल क्लेफ: व्हायोलिन, बासरी, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सर्व सॅक्सोफोन, गिटार, मँडोलिन.
बेस क्लेफ: चेलो, डबल बेस, बसून, ट्रॉम्बोन, ट्यूबा.
आल्टो क्लेफ: प्रामुख्याने व्हायोला.
टेनर क्लेफ: चेलो, बसून आणि ट्रॉम्बोन वरच्या पट्टीत चढतात तेव्हा.
पियानोला उजव्या हातासाठी ट्रेबल आणि डाव्या हातासाठी बेस, अशा दोन ओळी एकदम वाचाव्या लागतात. हार्पचेही तसेच. ढोलाला निश्चित स्वर नसतो, म्हणून त्याच्या ओळीच्या तोंडाशी दोन उभ्या दंडांची तटस्थ खूण असते. तिला कोणतेच स्वरनाम बांधलेले नाही.

९/ इथपर्यंत सरळ आहे. गुंता पुढे आहे. लग्नाच्या वरातीत पुढे असतो तो ट्रम्पेटवाला आणि क्लॅरिनेटवाला. या दोघांची नेहमीची वाद्ये ‘बी फ्लॅट’ची असतात. त्यांच्या कागदावर पांढरी एक लिहिलेली असते आणि ते वाजवतात तेव्हा ऐकू येते काळी पाच. कागदावर सा, कानांवर कोमल नी! ‘ई फ्लॅट’च्या आल्टो सॅक्सोफोनवर तोच लिहिलेला सा काळी दोनचा निघतो, म्हणजे कोमल ग. ‘एफ’ हॉर्नवर निघतो म. गिटार आणि डबल बेस लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली बोलतात. चिमुकली पिकोलो एक सप्तक वर.

१०/ हा खोटेपणा नव्हे, ही बोटांची सोय आहे. सॅक्सोफोन लहान-मोठ्या आकारांत येतो. प्रत्येकाचा खरा स्वर वेगळा, परंतु भोकांची मांडणी तीच. लिहिताना सर्वांना एकच ट्रेबल क्लेफ दिला आणि ‘अमुक ठिपक्याला अमुक बोटे’ एवढे पक्के केले, की आल्टो वाजवणारा माणूस टेनर उचलतो आणि लगेच वाजवू लागतो. खऱ्या स्वराचा हिशेब वादकाने करायचा नाही. तो लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो.

११/ ही कल्पना टोकाला नेली ती एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश ब्रास बँडने. १८१८ साली प्रशियात पितळी वाद्यांच्या झडपेचे पेटंट घेतले गेले. १८४० च्या दशकात अडॉल्फ सॅक्सने झडपांच्या वाद्यांची कुळेच्या कुळे घडवली. खाणीत आणि गिरणीत राबणारे कामगार संध्याकाळी ही वाद्ये शिकू लागले. त्यांच्या बँडमध्ये कॉर्नेटपासून थेट अवजड ट्यूबापर्यंत सर्वांनी ट्रेबल क्लेफच वाचायचा असा रिवाज पडला. अपवाद फक्त बेस ट्रॉम्बोनचा. सुरांत आणि आकारात कितीही अंतर असले तरी पहिल्या बाकावरचा माणूस आजारी पडल्यास मागच्या बाकावरचा त्याचे वाद्य घेऊ शकत असे.

१२/ म्हणजे युरोपात या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. वाद्यवृंदातल्या व्हायोलाने आणि चेलोने सांगितले: किल्ली खऱ्या स्वराची असावी. बँडमधल्या कॉर्नेटने आणि ट्यूबाने सांगितले: किल्ली वादकाच्या बोटांची असावी, सा ज्याचा त्याचा. हे दुसरे उत्तर ऐकताना मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल, कारण आपल्याकडे पूर्वापार हेच आहे. गायिका काळी पाचला गाते, गायक काळी एकला गातो, दोघेही ‘सा’च म्हणतात.

१३/ आपल्या स्वरलिपीत क्लेफ नाही, याचे कारण यातच आहे. पं. वि. ना. भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. संपले! सा कोणत्या पट्टीचा, हे कागद विचारतच नाही. ते गाणाऱ्याच्या गळ्याने ठरवायचे. किल्ली कागदावर नसते, तानपुऱ्यात असते.

१४/ ही लिपी आयती मिळालेली नव्हती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, आणि मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती घडवली. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली वेगळी पद्धती रूढ केली. भातखंड्यांनी घराण्यांतल्या चिजा मिळवून आपल्या पद्धतीत छापल्या. गुरूच्या कंठात बंद असलेली विद्या कागदावर कोणत्या खुणांनी उतरवायची, हा त्या पिढीचा मोठा प्रश्न होता.

१५/ त्याच काळात दुसरा मार्गही सुचवला गेला. ई. क्लेमंट्स हे मुंबई इलाख्यातले आय.सी.एस. अधिकारी होते. श्रुतींचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या संशोधनाने ते प्रभावित झाले होते. १९१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी भारतीय राग पाश्चात्त्य पाच रेघांवर मांडले. भातखंड्यांनी देवनागरी अक्षरांचाच मार्ग धरला आणि पुढे शाळा-विद्यालयांतून तोच टिकला. शिकणाऱ्याच्या सोयीच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र त्याचा एक परिणाम झाला. आपले गाणे आपल्या लिपीत आले, आणि बँडच्या कागदाची किल्ली आपल्या गवयाच्या हाती आली नाही.

१६/ बँड इकडे आला तो फौजेबरोबर. ब्रिटिश फौजेच्या बँडनाही एके काळी शिस्त नव्हती. १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या वेळी तुर्कस्तानात स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाची कवायत होती. पलटणींच्या बँडनी एकदम राष्ट्रगीत धरले. प्रत्येकाची मांडणी वेगळी, पट्टी वेगळी. सेनापतींसमोर आणि मित्रराष्ट्रांसमोर भयंकर गोंगाट झाला. त्यानंतर १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. राष्ट्रगीत म्हणजे केवळ भावना नसून एकसारखा लिहिलेला कागद आहे, हा धडा ब्रिटिशांनी असा फजितीतून घेतला.

१७/ आपल्याकडे हे कागद वाचणारे लोक कोण होते? मोठ्या संख्येने गोव्याचे. पोर्तुगीज अमलात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. गावातल्या गरीब घरातला मुलगाही क्लेफ ओळखून मोठा होई. हेच तरुण पुढे पलटणींच्या, संस्थानांच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये, मुंबईच्या हॉटेलांत, आणि शेवटी चित्रपटसृष्टीत गेले. १९५२ साली पणजीत आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीताची अकादमी स्थापन केली, तीही याच परंपरेतून.

१८/ मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यामुळे दोन लिप्या शेजारी बसत. सतार, सारंगी, बासरीचे वादक सरगम लिहून घेत. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटचे वादक पाच रेघा वाचत. संगीतकार चाल पेटीवर सांगे, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक ती प्रत्येक वाद्याच्या किल्लीत उतरवून देत. माजोर्ड्याचे गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. ते नाव एका खऱ्या वादकाचे आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते. लिहून देणारे हात पडद्याआडच राहिले.

१९/ आता राष्ट्रगीताकडे वळू. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तीवरून वाद्यवृंदाने तालीम केली आणि गीत वाजले. उपस्थितांना ते आवडले, आणि इतर देशांकडून त्याच्या स्वरलिपीची मागणी येऊ लागली. ध्वनिमुद्रिकेतला एक स्वरप्रवाह व्हायोलिनला एका किल्लीत, व्हायोलाला दुसऱ्या आणि चेलोला तिसऱ्या किल्लीत वाटता येतो, याचा तो जाहीर पुरावा ठरला. पुढे इंग्रज संगीतकार हर्बर्ट मरिल यांनीही या गीताची वाद्यवृंदासाठी मांडणी केली.

२०/ २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीच्या विधिमंडळात यावर निवेदन केले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा सुरावट महत्त्वाची, ती वाद्यवृंदाला आणि लष्करी बँडला पेलली पाहिजे, आणि परदेशांतही वाजवता आली पाहिजे. ‘वंदे मातरम्’चे ऐतिहासिक स्थान त्यांनी मान्य केले, परंतु त्याची सुरावट या कामी सोयीची नाही असे मत मांडले. वादाला दुसरी बाजूही होती. गीताच्या उत्तरार्धातील देवीस्तुतीला आक्षेप होते, आणि १९३७ साली काँग्रेसने पहिली दोनच कडवी स्वीकारली होती. तरीही बँडचा मुद्दा स्वतंत्रपणे उभा होता, आणि तो संगीतकारांनी सोडवण्याजोगा होता.

२१/ तो सोडवायला निघाले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. जन्म १८९८, आळंदी. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीतून नावारूपाला आलेले, ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ त्यांनी झिंझोटी रागात बांधले होते आणि मैफलीत ते आवर्जून गात. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई नभोवाणी केंद्रावर त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण तोडण्यात आले, तेव्हा त्यांनी त्या केंद्रावर बहिष्कार घातला होता. हे गीत त्यांना किती प्रिय होते याची यावरून कल्पना येईल.

२२/ त्यांच्यापुढची अडचण नीट समजून घ्या. एकट्या गायकाची चाल एका ओळीत लिहिता येते. बँडची नाही. मुख्य सुरावट क्लॅरिनेट-कॉर्नेटला द्यायची, म्हणजे ट्रेबल क्लेफमध्ये आणि खऱ्या स्वराहून एक स्वर वर चढवून लिहायची. ‘ई फ्लॅट’च्या वाद्यांसाठी पुन्हा वेगळा हिशेब. खर्जाची बाजू लष्करी बँडमध्ये बेस क्लेफमध्ये लिहायची. झडपेच्या वाद्यावर मींड निघत नाही, म्हणून घसरत जाणारे स्वर पायऱ्यांत मोडायचे. कवायतीचे पाऊल सांभाळायचे. आणि एवढे करून झिंझोटी झिंझोटीच राहिला पाहिजे.

२३/ कृष्णरावांनी हे आव्हान टाळले नाही. मुंबईतल्या पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांना सोबत घेऊन त्यांनी आपल्या चालीची बँडसाठी स्वरलिपी करवून घेतली, ती वाजवून घेतली, ध्वनिमुद्रित केली, आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सदस्यांसमोर गाऊन आणि ऐकवून दाखवली. कानाने शिकलेला, तानपुऱ्याच्या सावलीत वाढलेला एक गवई आपले गाणे परक्या किल्ल्यांच्या हवाली करीत होता, कारण त्या किल्ल्यांशिवाय दार उघडणार नव्हते.

२४/ २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटना समितीत जाहीर केले: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावणाऱ्या ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान. कृष्णरावांची इच्छा पूर्ण झाली नाही. म्हणून त्यांचा प्रयत्न वाया गेला असे मात्र मी म्हणणार नाही. निर्णय राजकीय होता, त्यामागे अनेक कारणे होती. परंतु ‘भारतीय रागातली चाल बँडवर वाजूच शकत नाही’ हे विधान तांत्रिक होते, आणि त्याला तांत्रिक उत्तर एका मराठी गायकाने वाजवून दाखवून दिले होते.

२५/ त्याच १९५० साली जनरल करिअप्पांच्या प्रोत्साहनाने भारतीय सैन्याची संगीतशाळा पचमढीला सुरू झाली. वऱ्हाडातल्या माणसाला पचमढी माहीत आहे ती महादेवाच्या यात्रेमुळे. मोर्शी-वरुडकडून सातपुडा ओलांडून पिढ्यान् पिढ्या लोक तिकडे जात आले आहेत. ज्या डोंगरांत महादेवाची गाणी म्हणत यात्रेकरू चढतात, त्याच डोंगरांत पलटणींचे जवान पाच रेघा आणि तीन किल्ल्या शिकतात. एक गाणे मुखोद्गत, एक कागदावर, आणि दोन्ही टिकून आहेत.

२६/ आणि मोर्शीच्या वरातीतला बँड? इकडच्या बहुतेक बँडवाल्यांसमोर कागद नसतो. नवे गाणे मोबाइलवर ऐकतात, मुख्य वादक चाल बसवतो, बाकीचे कानाने उचलतात. ‘नोटेशन येत नाही’ म्हणून त्यांना कमी लेखण्याची रीत आहे. पण त्यांच्या हातातले वाद्य पाहा. ट्रम्पेटचा सा काळी पाचचा, आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनचा. एकाच चालीसाठी दोघांची बोटे वेगवेगळी पडतात. हा हिशेब ते कागदाशिवाय, चालता चालता, घोड्याच्या पुढे करतात. किल्ली त्यांच्याकडेही आहे, ती कानात आहे. मात्र कागद वाचता येणाऱ्याला पोलिसांच्या आणि सैन्याच्या बँडचे दार खुले होते, नुसत्या कानावर वाजवणाऱ्याला ते मिळणे अवघड जाते. लिपीपासून दूर राहिल्याची किंमत अशी मोजावी लागते.

२७/ शेवटी एक विनंती. जुन्या बँडमास्तरांच्या, संस्थानी वा पोलीस बँडमधून निवृत्त झालेल्या वादकांच्या घरी हाताने लिहिलेल्या स्वरवह्या असतात. मुलांना त्या वाचता येत नाहीत, म्हणून त्या रद्दीत जातात. रिद्धपूरच्या पोथ्या मठांनी जपल्या म्हणूनच राजवाडे-भाव्यांना त्या वाचता आल्या. वही मिळाली तर तिची छायाचित्रे काढून ठेवा. प्रत्येक पानाच्या डाव्या टोकाची खूण आधी पाहा: शंखासारखी असेल तर क्लॅरिनेट वा कॉर्नेटची बाजू असू शकते, दोन ठिपके असतील तर खर्जाची. वहीच्या मुखपृष्ठावर वाद्याचे आणि वादकाचे नाव असेल तर तेही टिपून घ्या. संयोजकांची नावे आपण एकदा विसरलो आहोत.
(धागा समाप्त)